'ळ'ची शेपटी



गेल्या अंकात आम्ही बेसमेंटमधल्या अडगळीबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांवरून आमची खात्रीच पटली, की देशातून येताना आणलेली पितळी पातेली आजवर कोणीही टाकून दिलेली नाहीत. असोत बापडी. या वेळचा विषयही तसा अडगळीचाच आहे. फरक एवढाच, की ही अडगळ बेसमेंटमध्ये नसते, तोंडात असते.

त्याचे असे झाले. उन्हाळ्याच्या सुटीत आमची नात पंधरा दिवस राहायला आली. वय वर्षे तेरा. मराठी सगळे कळते, बोलते निम्मे, आणि बोलते तेव्हा आम्हा दोघांनाही 'तू' म्हणते. इंग्रजीत एकच 'यू' आहे, त्याला ती तरी काय करणार? यंदा तिने सोबत एक बॅग, एक क्लॅरिनेट आणि एक भाषा आणली होती. भाषा तिची स्वतःची. म्हणजे अजून पुरी झालेली नव्हती, काम चालू होते.

"भाषा तयार करते म्हणजे?" सौ.नी विचारले. "आहेत त्या दोन पुरत नाहीत का हिला?"

"आजी, फन असतं ते," असे म्हणून नातीने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. तोही नेमका इंडियन ग्रोसरीच्या कॅलेंडरवर. त्या महिन्याची संकष्टी आमच्या घरी एक दिवस उशिरा झाली, ती यामुळे.

आता, भाषा तयार करण्याचा हा उद्योग नवीन नाही. १८८० च्या सुमारास श्लायर नावाच्या एका जर्मन धर्मगुरूंनी 'व्होलाप्यूक' नावाची भाषा रचली. साऱ्या जगाला ती बोलता यावी म्हणून, आणि चिनी लोकांना 'र' जड जातो असे वाटल्यामुळे, त्यांनी 'र' जवळजवळ गाळूनच टाकला. १८८७ मध्ये वॉर्सा येथे डॉक्टर झामेनहॉफ यांनी एस्परांतो प्रसिद्ध केली. ती आजही बोलली जाते. या दोघांची इच्छा एकच होती, की भाषा सोपी असावी, कोणाचीही जीभ अडखळू नये.

पुढे उलटाच प्रकार सुरू झाला. गोष्टीतल्या आणि सिनेमातल्या परक्या लोकांसाठी भाषा हव्या झाल्या, आणि त्या परक्या वाटायला हव्यात म्हणून त्यांच्यात मुद्दाम दुर्मिळ ध्वनी घालू लागले. अशा भाषा रचणारी मंडळी मग जगभरच्या भाषांतले ध्वनी धुंडाळतात. आमची नात यांच्याच पंथातली. भाजीबाजारात निवडून निवडून वांगी घ्यावीत तसे ती तक्त्यावरून ध्वनी निवडत होती.

तो तक्ता म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने काही भाषाशिक्षकांनी एक संस्था काढली आणि दोन वर्षांत ही लिपी आकाराला आली. एका ध्वनीला एक खूण, मग भाषा कोणतीही असो. 'ती फुलराणी' पाहिलेल्यांना ही विद्या नवी नाही. पुलंनी १९७५ मध्ये ते नाटक ज्यावरून बेतले, त्या शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधले प्रोफेसर फुलवालीचे बोलणे वहीत टिपून घेतात, ते अशाच प्रकारच्या खुणांनी.

आम्ही चहाचा कप हातात घेऊन तक्त्यासमोर उभे राहिलो आणि चकित झालो. ही तर आपली मुळाक्षरे! आडव्या ओळींत ध्वनी कसा निघतो ते, उभ्या स्तंभांत तोंडात कुठे निघतो ते. आपले 'क' घशाशी सुरू होते आणि टाळू, मूर्धा, दात करत करत 'म'पर्यंत ओठांवर येते. यांचा तक्ता ओठांपासून निघून घशाकडे जातो. गाडी तीच, फक्त उलट दिशेची. नातीने माहिती पुरवली, की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्कीन यांनी आपल्या काल्पनिक लोकांसाठी जी लिपी रचली, तिची अक्षरेही अशीच स्तंभात दंत्य, ओष्ठ्य अशी मांडलेली आहेत. आम्ही छाती फुगवून म्हणालो, "आपल्याकडे हे हजारो वर्षांपूर्वी होतं." नात म्हणाली, "आय नो, आबा. पण हे मला सांग, हा कसा म्हणायचा?"

तिचे बोट एका अक्षरावर होते. इंग्रजी एल, पण खालचे टोक उजवीकडे वळलेले, जणू त्याला शेपटी फुटली आहे. त्याच स्तंभात शेपटीवाला टी होता, शेपटीवाला डी होता, शेपटीवाला एन होता.

"हे सगळे टेलवाले ना, एकदम वीअर्ड आहेत. जीभ मागे वळवायची म्हणे. मला तीन दिवस झाले, जमतच नाहीये."

आम्ही शेपटीवाल्या टीपासून सुरुवात केली. "ट. ड. ण." आणि मग एलकडे बोट दाखवून म्हणालो, "ळ."

नात आमच्याकडे बघतच राहिली. "परत म्हण." आम्ही परत म्हणालो. मग तिने फोनचा टॉर्च लावला आणि आमच्या तोंडात उजेड पाडून आमच्याकडून अकरा वेळा 'ळ' म्हणवून घेतला. डेंटिस्टनेही आमच्या जिभेकडे इतक्या आदराने कधी पाहिलेले नाही.

"आबा, हे तुला येतं?"

"अगं, तुझ्या आजीलाही येतं. तुझ्या पणजीला तर झोपेतही येत होतं."

मंडळी, हे बोलताना आमच्या पोटात जरा खड्डा पडला. का, ते सांगतो.

आम्ही १९७० च्या दशकाच्या अखेरीस या देशात आलो. ऑफिसात आमचे इंग्रजी कोणाला चटकन समजेना. आम्ही 'डेटा' म्हणालो की समोरचा 'पार्डन?' म्हणे. कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही एका संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. तिथल्या बाईंनी निदान केले, की आमचे टी आणि डी फार मागून येतात. इंग्रजीत जीभ दातांच्या मागच्या हिरडीला लावायची, आणि आम्ही ती सवयीने वर वळवून टाळूला लावत होतो. म्हणजे ट-ड. सहा महिने आम्ही गाडी चालवताना जीभ पुढे आणायचा सराव केला. पैसे दिले होते ना!

इथपर्यंत ठीक होते. पण मग चिरंजीव बालवर्गात गेले. महिन्याभराने शिक्षिकेने बोलावून सांगितले, की मुलगा दोन भाषांत गोंधळतो, तेव्हा घरी फक्त इंग्रजी बोलत जा. त्या काळी असा सल्ला पुष्कळांना मिळत असे. आज कोणी देत नाही, कारण दोन भाषांमुळे मूल गोंधळत नाही हे आता पुरते कळून चुकले आहे. आम्हाला त्या वेळी ते माहीत नव्हते. आणि खरे सांगायचे तर आम्ही घाबरलो होतो. परक्या देशात आपल्यामुळे मुलाचे नुकसान नको. आम्ही ऐकले. सौ. नाराज होत्या, पण त्यांनीही ऐकले. दोन वर्षांनी आमची चूक उमगली आणि घरात मराठी परत आली, पण तोवर चिरंजिवांचा 'ळ' गेला होता.

शनिवारी सकाळी सांगलीला फोन जायचा. त्या काळचा फोन, मिनिटाला डॉलर मोजायचे. आमच्या मातोश्री नातवाला विचारायच्या, "काय रे, आजीशी बोलायला वेळ आहे का?" हा म्हणायचा, "वेल नाही आजी, सॉकर आहे." आणि त्या पलीकडून हसून म्हणायच्या, "वेल नाही तर नाही, मांडव तरी आहे का?" पुढची दहा वर्षे त्या दोघांचा हा ठरलेला विनोद होता. फोन संपताना तो मुद्दामच विचारायचा, "आजी, मांडव कसा आहे?" मातोश्री गेल्या, आणि मांडवाची चौकशी बंद झाली.

म्हणून त्या दिवशी नात 'ळ'ला 'वीअर्ड' म्हणाली तेव्हा आम्हाला राग आला नाही. तो ध्वनी तिच्या घरात दुर्मिळ झाला, त्यात आमचा हात होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. नातीने तिच्या बॅगेतून एक जुने पुस्तक काढले. क्लिंगॉन भाषेचा शब्दकोश. 'स्टार ट्रेक'मधले ते कपाळावर वरवंटे फिरवल्यासारखे दिसणारे दणकट लोक आठवतात ना, त्यांची भाषा. १९७९ च्या चित्रपटात स्कॉटीचे काम करणारे जेम्स डूहान यांनी तिची मोजकी वाक्ये रचली होती. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञांनी त्यावर अख्खी भाषा उभी केली आणि पुढच्या वर्षी तिचा शब्दकोश निघाला. १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनियात तिच्यासाठी एक संस्था निघाली, १९९६ मध्ये त्या संस्थेने 'हॅम्लेट'चा क्लिंगॉन अनुवादही काढला.

ओक्रँड यांना भाषा माणसांची वाटायला नको होती, पण बोलणारे नट तर माणसेच होते. तेव्हा त्यांनी ध्वनी माणसांच्याच भाषांतले घेतले आणि जोड्या विजोड लावल्या. आपल्याकडे 'ट' आला की त्याच जागचा 'ड' येतो, 'त' आला की 'द' येतो. ओक्रँड यांनी टी ठेवला इंग्रजीतला, आणि डी मात्र मागे टाळूवर नेला. साध्या 'क'ला रजा दिली आणि उर्दूतला घशातला 'क़' घेतला. साधा एस नाहीच, त्याऐवजी जीभ त्या डीच्याच जागेकडे नेऊन करायचा एस.

आम्ही उच्चाराचे पान वाचू लागलो आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो. जिभेचे टोक दात आणि मऊ टाळू यांच्या साधारण मध्यावर लावायचे, तो क्लिंगॉन डी. अहो, हा तर आपला 'ड'! आणि तो एस म्हणजे पोटफोड्या 'ष', जो आपण लिहितो 'ष' आणि बोलतो 'श'.

म्हणजे बघा मंडळी. ज्या सुमारास संध्याकाळच्या वर्गात पैसे भरून आम्ही आमचा 'ड' पुसत होतो, त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये एका विद्वानाला पैसे देऊन तोच 'ड' परग्रहवासीयांच्या तोंडी घालून घेत होते. आमचा तो दोष आणि त्यांचा तो पराक्रम! दुर्मिळ ध्वनी असे काही स्वतंत्र असत नाही. ऐकणारा कोणत्या गावचा, यावर ते ठरते. सांगलीच्या बाजारात 'ळ' दुर्मिळ नाही. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळी, गुजराती, पंजाबी, ओडिया या सगळ्यांकडे तो आहे. प्रमाण हिंदीत नाही, बंगालीत नाही. इतकेच काय, ओस्लोचा नॉर्वेजियन माणूस 'कार्ल' हे नाव घेतो तेव्हा 'र' आणि 'ल' एकमेकांत मिसळून आपल्या 'ळ'सारखाच ध्वनी निघतो. इंग्रजीत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

क्लिंगॉनच्या त्याच पुस्तकात आणखी एक ध्वनी आहे. जिभेचे टोक 'ट'सारखे लावायचे आणि हवा जिभेच्या कडांवरून फुसकन सोडायची. नातीला तो उत्तम येतो. आम्ही प्रयत्न केला तेव्हा सौ.नी कुकरची शिट्टी झाली समजून गॅस बंद केला. हा ध्वनी मेक्सिकोच्या नावात्ल भाषेत रोजचा आहे, आणि त्याची एक खूण आपल्या रोजच्या आमटीतही आहे. टोमॅटोचे मूळ नाव 'तोमात्ल', त्याच ध्वनीने संपणारे. स्पॅनिश लोकांना तो शेवटचा ध्वनी जमला नाही, त्यांनी 'तोमाते' केले, पुढे इंग्रजीत 'टोमॅटो' झाला. फळ समुद्र ओलांडून जगभर पोचले, पण शेपूट बंदरावरच राहिले. आपल्या घरांतून 'ळ' गेला तो असाच गेला. बाळ पोचले, 'बाल' होऊन.

'अवतार' (२००९) सिनेमातली नावी भाषा तर आपल्या मुळाक्षरांतल्या सगळ्या निवृत्त मंडळींना पुन्हा कामावर घेते. पॉल फ्रॉमर यांनी ती रचली. 'ङ' आठवतो? अंकलिपीत ज्याच्यापुढे कसले चित्र काढावे हे कोणालाच सुचले नाही तो! नावीत 'तू' म्हणजे 'ङा'. इंग्रजी बोलणाऱ्यांची शब्दाच्या सुरुवातीच्या या ध्वनीला अगदी त्रेधा उडते. 'र' आणि 'ल' तिथे स्वराचे काम करतात, म्हणजे आपले 'ऋ' आणि 'ऌ'. शिवाय क, प, त असे काही ध्वनी आहेत, की श्वास घशात अडवून बाटलीचे बूच उडाल्यासारखे सोडायचे. हेही फ्रॉमर यांच्या डोक्यातून निघालेले नाहीत. जॉर्जियन, इथिओपियाची अम्हारिक, इथल्या नवाहो लोकांची भाषा, सगळीकडे ते आहेत.

तोवर आमची छाती चांगलीच फुगली होती, तेव्हा नातीने टाचणी लावली. आम्ही म्हणालो होतो, "देवनागरी म्हणजे जसं लिहावं तसं वाचावं."

"आबा, मग आजी 'चार' म्हणते आणि 'चाक' म्हणते, त्यातले च सेम नाहीत."

आम्ही म्हणून पाहिले. चार चाकं. चार चाकं. खरेच की! पहिल्यात जीभ टाळूला, दुसऱ्यात दाताला. 'जगात जगायचं' म्हणून पाहा, दोन्ही 'ज' निराळे. साठ वर्षांहून अधिक काळ आम्ही हे बोलत आलो आणि कधी लक्षात आले नाही, कारण लिहिताना अक्षर एकच. तक्त्यावर मात्र दोघांना वेगळ्या खुणा आहेत. आणि गंमत म्हणजे एस्परांतोतही या दोन 'च'ना दोन अक्षरे आहेत. दात्य 'च'ला साधा सी, आणि तालव्य 'च'ला टोपीवाला सी. पोलंडकडच्या डॉक्टरांनी जी सोय केली ती आपल्याकडे नाही. आपल्या मुलांनी 'चाक' पुस्तकात वाचून 'चार'सारखे म्हटले, तर चूक मुलांची नव्हे. पानावर ते लिहिलेलेच नाही. ते फक्त आजीच्या तोंडात आहे.

एस्परांतोतच 'ख'सारखा घशातला एक ध्वनी आहे, त्याचेही अक्षर टोपीवाले. नियमाप्रमाणे तो कायम राहायला हवा. पण लोकांना तो जड गेला आणि हळूहळू अनेक शब्दांत त्याच्या जागी 'क' आला. छापील नियमांची भाषा, पण तीही शेवटी बोलणाऱ्यांच्या सोयीने चालते. लिहून ठेवले म्हणून ध्वनी टिकत नाही.

मग लिहून ठेवण्याला अर्थच नाही का? इथे आम्हाला ओक्रँड यांचीच एक हकिगत सांगायची आहे, क्लिंगॉनच्या आधीची.

कॅलिफोर्नियात सॅन हुआन बाउतिस्ता मिशनच्या परिसरात मुत्सुन नावाची भाषा बोलली जात असे. ती अस्खलित बोलणाऱ्या अखेरच्या बाई असेन्सिओन सोलोर्सानो १९३० मध्ये वारल्या. त्यांच्या शेवटच्या दिवसांत, १९२९ मध्ये, जॉन हॅरिंग्टन नावाचे संशोधक त्यांच्या आजारपणात जवळ बसून राहिले आणि ध्वनिखुणांनी त्यांचे बोलणे टिपत गेले. हजारो पाने. बाई गेल्या, भाषा गेली, पाने राहिली. सत्तेचाळीस वर्षांनी, १९७७ मध्ये, बर्कलेच्या एका विद्यार्थ्याने त्या पानांवरून मुत्सुनचे व्याकरण लिहून डॉक्टरेट मिळवली. तो विद्यार्थी म्हणजे ओक्रँड. पुढे १९९० च्या दशकात मुत्सुन वंशाच्या काही लोकांनी आपल्या आज्या-पणज्यांची भाषा शिकायला घेतली. कोणाकडून? ऐकवायला कोणीच उरले नव्हते. त्यांनी ती शिकली त्या टिपणांवरून. २०१६ मध्ये मुत्सुनचा शब्दकोशही छापून निघाला.

सौ. हे ऐकत भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईंनी आजारपणात सांगितलं म्हणून."

हो. आणि कोणीतरी विचारले म्हणून.

मंडळी, आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की आजोबा भावनेच्या भरात वाहवले. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका भाषाशास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाशी पहिली तीनेक वर्षे फक्त क्लिंगॉन बोलायचे ठरवले. आई इंग्रजी बोलत होती. मुलाला शब्द समजत, उच्चारही छान जमत. पण तो मोठा होऊ लागला तसा क्लिंगॉनला इंग्रजीतून उत्तरे देऊ लागला, आणि वडिलांनी अखेर प्रयोग थांबवला. आम्हाला ही हकिगत वाचून हसू आले नाही. आपल्यापैकी किती जणांच्या स्वयंपाकघरात हेच झाले आहे! आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत सांगते. ज्या भाषेत खेळायला दुसरे मूल नाही, ती भाषा कितीही दणकट असो, मूल ती टाकते. एकट्या बापाच्या बळावर भाषा चालत नाही.

पण कानाचे काय? कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचा एक प्रसिद्ध अभ्यास १९८४ चा आहे, म्हणजे क्लिंगॉन ज्या वर्षी पडद्यावर आली त्याच वर्षीचा. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले, आणि तिथल्या एका मूळ रहिवासी भाषेतले बूच उडवणारे दोन ध्वनीही ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. ज्यांच्या घरी हे ध्वनी रोज कानावर पडत, त्या मुलांना मात्र वर्षाच्या सुमारासही फरक कळत होता. म्हणजे मूल येते तेव्हा अख्खा तक्ता घेऊन येते. घरात जे ऐकू येत नाही ते वर्षभरात मागच्या खोलीत जाते.

मागच्या खोलीत जाते म्हणालो, फेकले जाते असे म्हणालो नाही. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात स्पॅनिशचा एक अभ्यास झाला. लहानपणी जी भाषा नुसती कानावर पडली, फारशी बोलली नाही, ती मोठेपणी शिकायला घेतली तर उच्चार इतर शिकणाऱ्यांपेक्षा चांगले येतात असे त्यात दिसले. तेव्हा घरात मूल उत्तर इंग्रजीत देत असले तरी आपण मराठीत बोलत राहावे. ते फुकट जात नाही. आम्ही दोन वर्षे गप्प बसलो, म्हणून तुम्हाला सांगतो.

आता नातीकडे वळू. तिने 'ळ' कसा शिकला ते ऐका, घरातल्या मुलांना उपयोगी पडेल. 'ल' म्हणता म्हणता जिभेचे टोक दातामागून हळूहळू मागे न्यायचे, टाळूवरून घसरवत. हिरडीची उंची संपून छताचा घुमट सुरू होतो तिथे टोक उलटे लावायचे आणि पुढे झटकायचे. आधी 'आ' घ्यायचा, म्हणजे 'आळ, आळ' असे. शब्दाच्या सुरुवातीला प्रयत्न करायचा नाही, कारण मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाहीत. आमच्या मंडळाच्या गणपतीत मुलांसाठी रोमन लिपीतल्या आरत्यांची पत्रके छापतात, त्यात 'ळ'साठी कॅपिटल एल असतो, 'ण'साठी कॅपिटल एन. बहुतेक मुलांना ती छपाईची चूक वाटते. ओक्रँड यांनी क्लिंगॉनमध्ये हीच युक्ती केली आहे. शब्दाच्या मध्येच कॅपिटल डी दिसला की वाचणाऱ्याने सावध व्हायचे, इथे जीभ मागे न्यायची. अमेरिकन मुले ते कॅपिटल हौसेने पाठ करतात. तेव्हा पुढच्या गणपतीत पत्रकाच्या तळाशी दोन ओळींची सूचना छापावी, असा आमचा कार्यकारिणीला आग्रह आहे.

पाचव्या दिवशी नातीला 'बाळ' आले. आठव्या दिवशी 'कमळ'. दहाव्या दिवशी ती 'पिवळं केळं' म्हणत घरभर फिरत होती. तिने तो ध्वनी तिच्या भाषेतही घेतला आहे. त्या भाषेत घर, पाऊस आणि आजी या तीन शब्दांत 'ळ' येतो. आजोबांच्या शब्दात का नाही, असे आम्ही विचारले. "तो लवकर म्हणता यायला हवा," म्हणाली.

दुसऱ्या रविवारी चिरंजीव तिला न्यायला आले. बॅग गाडीत गेली, क्लॅरिनेट गेले. तक्ता काढायच्या आधी नातीने बापाला फ्रिजसमोर उभे केले.

"डॅड, से वेळ."

"वेल."

"नो. जीभ मागे. अजून मागे. आता म्हण."

पंचेचाळिशी उलटलेला आमचा मुलगा फ्रिजसमोर तोंड उघडून उभा होता आणि त्याची मुलगी टॉर्च धरून होती. दुसऱ्यांदा 'वेड' आले. तिसऱ्यांदा काहीतरी 'ल' आणि 'ड' यांच्या मधले. चौथ्यांदा सौ. स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आला!"

चिरंजीव हसले. मग आमच्याकडे न पाहता, पायात बूट घालता घालता म्हणाले, "आजीला सांगायला हवं होतं, मांडव नको म्हणून."

आम्ही गाडी वळेपर्यंत ड्राइव्हवेवर उभे होतो.

तर मंडळी, तुमच्या घरातून कोणता ध्वनी मागच्या खोलीत गेला आहे? 'ण' की 'ळ', की दाताचा 'च'? आणि तुमच्याकडे 'वेल' आणि 'मांडव' यांसारखा काही विनोद असेल तर तोही कळवा. पुढच्या अंकात छापू. मात्र पत्र पाठवण्याआधी तो शब्द एकदा घरात मोठ्याने म्हणा, मुलांना ऐकू जाईल असा.

कळावे, लोभ असावा. आणि हो, 'कळावे' म्हणताना जीभ मागे!